जुनी तबकडी म्हणजे फुकट? नाही हो!

दिवाळी पहाट जवळ आली की आमच्या ठाण्यातल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, "५० वर्षं झाली की गाणं फ्री, बिनधास्त टाका." तलावपाळीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बनवणारी पोरं पण हेच धरून चालतात. हे चुकीचं आहे.

आपल्याकडे रेकॉर्डिंगला ६० वर्षं संरक्षण आहे, ५० नाही, १९९२ पासून, आणि ती मोजायची प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे १९६४ ला आलेली तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. पण मोकळं झालं ते फक्त रेकॉर्डिंग! शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकार गेल्यावर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित, बाबूजी (सुधीर फडके) २००२ ला, मग त्यांची चाल २०६२ संपेपर्यंत. तबकडी कितीही जुनी असो. किर्लोस्कर, देवलांची पदं मात्र कधीच मोकळी झालीत, ती खुशाल गा.

आणि ते लेबल. कुणीतरी आजोबांची तबकडी फिरवून फाइल बनवतो, खाली "क्रिएटिव्ह कॉमन्स" (म्हणजे 'अटी पाळून कुणीही वापरा' असं लायसन्स) लिहितो आणि आपण विश्वास ठेवतो, पण लायसन्स देऊ शकतो फक्त हक्कदार, तबकडी घरात असली म्हणून आपण हक्कदार होत नाही. हक्क संपलेल्या रेकॉर्डिंगवर "पब्लिक डोमेन" लिहायचं, सोबत प्रकाशनाचं वर्ष आणि देश, कारण अमेरिकेत १९२३ ते १९४६ च्या रेकॉर्डिंगना १०० वर्षं आहेत.