चेंडू हातातून कधी सुटला?

३० एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगासमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट संपला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीनं कॉलेजचे नवे खेळाडू निवडायचे. सात फेऱ्यांत २६२ खेळाडू निवडले गेले. त्यातला शेवटचा, २६२ वा, होता आयोवा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. ड्राफ्टमधल्या शेवटच्या खेळाडूला तिकडे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ असं नाव आहे. आपल्याकडे ‘खिजगणतीत नसलेला’ म्हणतात, तसं. २०२३ च्या हंगामात हाच पर्डी पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या गुणांकात, लीगमध्ये पहिला आला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला, आणि मे २०२५ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार झाला.

अशी उदाहरणं आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांना काही कळत नाही’. दुसरी, ‘नशीब असतं एकेकाचं’. दोन्ही चुकीच्या आहेत. दुर्लक्षित क्वार्टरबॅकमध्ये काय शोधायचं याचं एक शास्त्र आहे आणि त्याच्या मुळाशी शाळेतलं प्रक्षेप्य गतीचं गणित आणि थोडी संख्याशास्त्राची शिस्त आहे.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. क्वार्टरबॅक मधल्या गड्याकडून चेंडू घेतो, काही पावलं मागे जातो, आणि धावत सुटलेल्या रिसीव्हरपैकी एकाकडे फेकतो. समोरचे बलदंड गडी तोवर त्याच्या रक्षणाला उभी असलेली फळी फोडून त्याच्यावर येत असतात. चेंडू हातात असतानाच त्याला आडवा केला, तर तो ‘सॅक’. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत व्यावसायिक खेळात सरासरी २.७ सेकंदांच्या आसपास वेळ जातो. सगळी परीक्षा या पावणेतीन सेकंदांची आहे.

आता ड्राफ्टआधी मोजतात काय ते पाहा. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. तिथे उंची, वजन, पंजाची रुंदी, ४० यार्डांची (३६.६ मीटर) धाव आणि फेकलेल्या चेंडूचा वेग, असं सगळं नोंदवलं जातं. टॉम ब्रेडीनं २००० साली ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले आणि तो सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला. पुढे त्यानं सात सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅकला सामन्यात सरळ रेषेत ४० यार्ड धावायची वेळ किती वेळा येते? ही धाव मोजतात, कारण ती मोजायला सोपी आहे.

चेंडूच्या वेगाचं मात्र तसं नाही. वेग महत्त्वाचा आहेच. प्रश्न ‘किती महत्त्वाचा’ हा आहे, आणि त्याचं उत्तर गणितानं काढता येतं.

मैदान १६० फूट रुंद असतं. त्याच्या मधल्या भागात लांबीच्या दिशेनं तुटक खुणांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅश म्हणतात. प्रत्येक खेळी या दोन रांगांवर किंवा त्यांच्या मध्ये सुरू होते. कॉलेजच्या मैदानावर या रांगांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. त्यामुळे कॉलेजचा मुलगा एका हॅशवरून पलीकडच्या बाजूला चेंडू फेकतो, तेव्हा ती बाजू १०० फुटांवर असते. एनएफएलमध्ये तेच अंतर सव्वा एकोणनव्वद फूट भरतं.

स्काउट मंडळींची आवडती कसोटी म्हणजे ‘आउट’: रिसीव्हर १५ यार्ड पुढे धावतो, पाय रोवतो आणि काटकोनात बाहेर वळतो. क्वार्टरबॅक, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या ७ यार्ड मागे उभा आहे आणि चेंडू बाजूच्या रेषेच्या ६ फूट आत झेलला जाणार आहे असं धरू. पायथागोरसनुसार हे अंतर कॉलेजमध्ये सुमारे ३५ मीटर येतं, एनएफएलमध्ये ३२.४ मीटर. म्हणजे हा ठरावीक पास व्यावसायिक मैदानावर लांबीनं सोपा होतो! अवघड होतं ते वेगळंच: बचावपटू जास्त चपळ असतात आणि मोकळी जागा अरुंद होते.

आता दोन क्वार्टरबॅक घ्या. पहिल्याचा चेंडू ताशी ८८ किलोमीटरनं सुटतो, म्हणजे कम्बाइनमधला उत्तम वेग. दुसऱ्याचा ८० नं, म्हणजे ‘हातात जोर नाही’ असा शेरा मिळणारा. हवेचा रोध बाजूला ठेवून ३२.४ मीटरसाठी प्रक्षेप्य गतीचं सूत्र लावलं, तर पहिल्याला चेंडू १६ अंशांच्या कोनात फेकावा लागतो आणि तो १.३८ सेकंदांत पोचतो. दुसऱ्याला २० अंशांचा कोन लागतो आणि १.५५ सेकंद लागतात. मंद चेंडूला दुहेरी दंड बसतो हे इथे नीट पाहण्यासारखं आहे. एक तर तो मुळात हळू, शिवाय तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त उंच जावं लागतं, म्हणून वेगाचा मोठा हिस्सा वर चढण्यात जातो आणि पुढे जाण्याचा वेग आणखी घटतो. तरी एकूण फरक निघाला ०.१७ सेकंदांचा. सेकंदाला ८ मीटर धावणारा बचावपटू एवढ्या वेळात सुमारे १.४ मीटर जवळ येतो. झेललेला चेंडू आणि हिसकावलेला चेंडू यांत फरक पडायला एवढं अंतर पुरतं.

पण हेच ०.१७ सेकंद दुसऱ्या टोकाकडूनही मिळवता येतात. रिसीव्हर वळल्याचं डोळ्यांनी दिसल्यावर चेंडू सोडणारा मुलगा आणि तो पाय रोवायच्या आधीच, तो कुठे असेल हे ओळखून, चेंडू सोडणारा मुलगा यांच्यात पाव सेकंदाचं अंतर सहज पडतं. हातातली उणीव भरून काढायला तेवढं पुरून उरतं. कम्बाइनमध्ये मात्र याचा थांगपत्ता लागत नाही, कारण तिथे समोर बचावपटूच नसतात. दुर्लक्षित मुलं नेमकी या जागी सापडतात.

मोजायचं कसं? मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रण लागतं. त्याला ‘ऑल-ट्वेंटीटू’ म्हणतात. टीव्हीचं चित्रण चालत नाही, त्यात कॅमेरा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर पडतो. स्टॉपवॉचही नको. बोटाची चूकच ०.१ ते ०.२ सेकंदांची असते, आणि शोधायचा फरक तेवढाच आहे. फ्रेम मोजाव्यात. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ०.०३३ सेकंदांची. प्रत्येक खेळीत दोन क्षण टिपायचे: रिसीव्हरचा वळणाचा पाय जमिनीत रुतला तो, आणि चेंडू बोटांपासून सुटला तो. दुसऱ्या क्षणातून पहिला वजा करायचा. उत्तर ऋण आलं, तर चेंडू वळणाआधी सुटला.

अशा किमान ४० खेळ्या घ्याव्यात, कारण एकेका खेळीत हा आकडा खूप हलतो. तो ०.२ सेकंदांनी इकडेतिकडे होतो असं धरलं, तर ४० खेळ्यांच्या सरासरीतली प्रमाण चूक, म्हणजे ती योगायोगानं साधारण किती हलू शकते त्याचं माप, ०.०३ सेकंदांवर, म्हणजे एका फ्रेमवर येते. ८८ च्या आणि ८० च्या हातातला फरक पाच फ्रेमचा आहे. म्हणजे मोजमाप पुरेसं बारीक झालं.

इथे होणारी नेहमीची चूक सांगायला हवी. काही संघांत पहिलाच रिसीव्हर आधीपासून ठरलेला असतो. मुलगा काहीही न वाचता, पाठ केल्यासारखा, चेंडू सोडतो आणि आकडा छान ऋण येतो. म्हणून ज्या खेळ्यांत त्याची मान पहिल्याकडून दुसऱ्या रिसीव्हरकडे वळलेली दिसते, त्या वेगळ्या काढून पुन्हा मोजाव्यात. खरा कस तिथे लागतो.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे दडपण आल्यावर, म्हणजे समोरचे गडी फळी फोडून अंगावर आल्यावर, सॅक किती वेळा होतो. ‘सॅक झाले तर दोष फळीचा’ हा समज खोलवर रुजला आहे. फळी फुटली हा दोष फळीचा, खरंच. पण फळी फुटल्यावर चेंडू फेकून मोकळं व्हायचं, बाजूला सरकायचं की हातात धरून आडवं व्हायचं, हे क्वार्टरबॅकच्या हातात असतं. शंभर दडपणांत १५ पेक्षा कमी सॅक असले तर उत्तम, २५ च्या वर गेले तर सावध व्हावं, असा ढोबळ ठोकताळा आहे. ही सवय कॉलेजमधून व्यावसायिक खेळात बऱ्यापैकी तशीच्या तशी जाते.

पण अधिकृत आकडेवारीत ती दडलेली राहते. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या खात्यात वजा होतात. समजा, सहा सॅकमध्ये ४५ यार्ड गेले आणि धावून त्यानं ३० मिळवले, तर तक्त्यात दिसतं ‘उणे १५’. वाचणाऱ्याला वाटतं, याला धावता येत नाही. वस्तुतः तो बरा धावतो. त्याचा दुर्गुण चेंडू धरून बसण्याचा आहे. म्हणून सॅक आधी स्वतंत्र वहीत काढून घ्यावेत.

पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारीही अशीच सोलून पाहावी लागते. रेषेच्या मागेच दिलेले छोटे ‘स्क्रीन’ पास जवळजवळ चुकतच नाहीत. समजा, एका मुलाचे ४०० पैकी २७२ पास पूर्ण झाले, ६८ टक्के. त्यातले १२० स्क्रीन होते आणि १०८ पूर्ण झाले. उरले २८० पैकी १६४, म्हणजे ५८.६ टक्के. दुसऱ्याचे ४०० पैकी २५६, फक्त ६४ टक्के; पण स्क्रीन अवघे ४०, त्यातले ३६ पूर्ण. उरले ३६० पैकी २२०, म्हणजे ६१.१ टक्के. क्रम उलटला.

लगेच हुरळून जायचं मात्र कारण नाही. एवढ्या पासांवर दोघांतल्या फरकाची प्रमाण चूक जवळजवळ ४ टक्क्यांची येते आणि दिसलेला फरक आहे अडीचचा. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळं भांडं एकाच आचेवर शिजलेलं असतं म्हणून. एका हंगामाचं तसं नसतं: प्रतिस्पर्धी बदलतात, रिसीव्हर जखमी होतात, पाऊस येतो. उपाय एकच, शितं वाढवायची. जास्त हंगाम, जास्त पास.

म्हणूनच चार वर्षं खेळलेल्या मुलाची नोंद हे सोनं असतं, आणि संघ पुष्कळदा तिलाच कंटाळतात. ‘याचं सगळं पाहून झालं, आता काय वाढणार’ असं म्हणतात. पर्डीच्या नावावर कॉलेजमध्ये सुमारे साडेचौदाशे पास आणि १२,१७० यार्ड होते. वयाकडे मात्र लक्ष ठेवावं. कोविडमुळे २०२० मध्ये खेळलेल्या कॉलेज खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं, त्यामुळे अलीकडच्या ड्राफ्टमध्ये २४-२५ वर्षांचे उमेदवारही दिसले. एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर चोवीस वर्षांच्या माणसानं चमकणं तितकंसं बोलकं नसतं.

पंजाच्या रुंदीबद्दल बोलायलाच हवं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेल्या हाताचं हे माप. नऊ इंचांच्या खाली गेलं की दरवर्षी बातम्या होतात. ओल्या चेंडूवरची पकड मोठ्या पंजाला सोपी जाते, एवढा यात तथ्यांश आहे. पण जो बरोचं माप बरोबर नऊ इंच होतं आणि २०२० मध्ये पहिला निवडला गेलेला हा खेळाडू दुसऱ्याच हंगामात सुपर बोलपर्यंत पोचला. पकड सुटते का हे पाहायचं असेल, तर पावसातल्या सामन्यांचं चित्रण उपलब्ध असतं. ते सोडून पट्टीनं पंजा मोजून कारकीर्द वर्तवायची, हे हस्तसामुद्रिकच झालं. बुद्धिचाचण्यांचाही असाच गवगवा होतो. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे एका आकलन चाचणीतले म्हणून कमी गुण फुटले आणि चर्चा रंगली. त्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

उलट बाजूचा भ्रमही तितकाच घातक आहे. ‘ब्रेडी १९९ वा होता’ हे वाक्य ऐकून सहाव्या फेरीत हिरे पडलेले असतात असं वाटतं. २००० च्या त्याच फेरीत त्याच्या आधी मार्क बल्जर १६८ वा आणि स्पर्गन विन १८३ वा निवडला गेला. बल्जरची कारकीर्द चांगली झाली. विनचं नाव आता ब्रेडीच्या गोष्टीपुरतं उरलं आहे. जे टिकले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ मध्ये दाखवलं की ड्राफ्टमधला क्रमांक आणि क्वार्टरबॅकची दर खेळीमागची कामगिरी यांचा संबंध क्षीण आहे. पण त्यातही हीच मेख आहे: उशिरा निवडलेल्यांपैकी मैदानावर उतरतात ते फक्त सरावात खूपच उजवे ठरलेले, त्यामुळे तुलना सरमिसळ झालेल्या गटांची होते. ठेंगण्या क्वार्टरबॅकांचंही तेच. ड्रू ब्रीस आणि रसेल विल्सन यशस्वी झाले म्हणून उंचीला अर्थ नाही असं सिद्ध होत नाही. कमी उंची असूनही चाळणीतून पार व्हायला बाकीचे गुण फार वरचे लागले, एवढंच त्यातून दिसतं.

पर्डीच्याच संघात याची दुसरी बाजू होती. फोर्टीनायनर्सनी २०२१ मध्ये पहिल्या फेरीतले निवडीचे तीन हक्क आणि वर तिसऱ्या फेरीतला एक मोजून वरचा क्रमांक मिळवला आणि तिसरा म्हणून ट्रे लान्सला घेतलं. धिप्पाड, वेगवान, जोरकस हाताचा. कॉलेजमधले त्याचे एकूण पास ३१८. एवढ्यावर टक्केवारी सांगायची तर ती पाच टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. पर्डीच्या बाबतीत ही मर्यादा अडीच टक्क्यांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये जिमी गारोपोलोचा पाय जायबंदी झाला आणि तिसऱ्या क्रमांकावरचा पर्डी मैदानात आला. पुढच्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात लान्सला डॅलसला देण्यात आलं. तोवर फोर्टीनायनर्ससाठी नियमित हंगामांत त्यानं टाकलेले पास होते १०२. या संख्येवर चुकीची मर्यादा दोन्हीकडे सुमारे दहा टक्क्यांची येते, तेव्हा तो चांगला होता की वाईट, हे त्या पासांवरून आजही सांगता येत नाही.