ट्युरिनचं कफन आणि श्रद्धेचा पुरावा

ट्युरिनचं कफन म्हणजे इटलीतल्या ट्युरिन शहरात जपून ठेवलेलं साधारण 4.4 मीटर लांब, 1.1 मीटर रुंद तागाचं कापड. त्यावर एका माणसाची पुढून आणि मागून अशी फिकट आकृती दिसते, अंगावर क्रुसावर खिळल्यासारख्या जखमा, आणि बरेच लोक मानतात की येशूला याच कापडात गुंडाळून कबरेत ठेवलं होतं. ख्रिस्ती श्रद्धेला असा हातात धरता येणारा पुरावा लागतो का, हा वाद निघाला की हेच उदाहरण सगळ्यात आधी येतं.

कापडाचा खात्रीचा इतिहास सुरू होतो 14व्या शतकात, फ्रान्समधल्या लिरे गावात. गंमत म्हणजे पहिला मोठा आक्षेप कुठल्या नास्तिकाने नाही तर तिथल्याच बिशपने घेतला, 1389 च्या सुमारास पिएर दार्सी यांनी पोपना कळवलं की हे चितारलेलं आहे. त्यावर त्या पोपनी, म्हणजे आव्हिन्योंच्या क्लेमेंट सातवे यांनी, दाखवायला बंदी नाही घातली, फक्त ही प्रतिकृती आहे असं लोकांना स्पष्ट सांगा म्हणाले. 1532 मध्ये शाम्बेरी (आता फ्रान्समध्ये) इथल्या आगीत कापड होरपळलं, 1578 मध्ये ट्युरिनला आलं, आणि 1898 मध्ये सेकोंदो पिया यांनी फोटो काढला तर निगेटिव्हमध्ये चेहरा एकदम ठळक दिसला, तिथून खरी क्रेझ सुरू झाली.

1988 मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या तीन लॅबनी कार्बन डेटिंग केलं, म्हणजे धाग्यातल्या कार्बनवरून वय काढलं, कापड निघालं इ.स. 1260 ते 1390 च्या मधलं. निकाल ट्युरिनच्या कार्डिनलनीच, म्हणजे चर्चच्याच वरिष्ठ धर्मगुरूंनी जाहीर केला. नमुना घेतलेला कोपरा नंतर रफू केलेला होता वगैरे आक्षेप अजून चालू आहेत, पण तो निकाल खोडून काढेल असं दुसरं डेटिंग झालेलं नाही. आणि चर्चेस काही ओस पडली नाहीत! 1998 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सरळ सांगितलं की हा श्रद्धेचा प्रश्न नाही, शोध शास्त्रज्ञांनी घ्यावा.

बायबलमध्ये बघितलं तर सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल येशूच्या पुनरुत्थानासाठी (मेल्यावर पुन्हा उठण्यासाठी) साक्षीदारांची यादी देतो, वस्तूंची नाही. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशूने जखमा दाखवल्या हे खरं, पण त्याच प्रसंगात न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना तो धन्य म्हणतो. तरी अवशेषांची ओढ जुनीच, 787 च्या निकिया इथल्या चर्च परिषदेने चर्चमध्ये संतांचे अवशेष असावेत असा नियम केला, तर 1543 मध्ये प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली, प्रोटेस्टंट पंथ बहुतेक त्याच बाजूचे.

आपल्याकडे जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर आहे. ते 1552 मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले, 1554 मध्ये शरीर गोव्यात आणलं, 1614 मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला नेला. साधारण दहा वर्षांनी ते दर्शनाला ठेवतात, शेवटचं दर्शन 2024-25 मध्ये झालं. तिथे हिंदूही येतात, गोंयच्या सायबाला, म्हणजे झेवियरलाच, नवस बोलतात. रांगेत उभं राहणाऱ्यांपैकी येशू खरंच उठला का हे तपासायला कोण आलेलं असतं? अवशेष जवळिकीसाठी असतात, आणि त्यांना कोर्टातला पुरावा करायला गेलं की श्रद्धा उगाच लॅबच्या रिपोर्टवर टांगली जाते.