बालमृत्यूनंतरची विशेषज्ञ परिचारिका (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मूल दगावले की त्याच्या आईवडिलांना एक ठरलेली व्यक्ती नेमून दिली जाते. तिचे नाव आणि फोन नंबर त्यांच्या हाती दिला जातो. सरकारी भाषेत तिला ‘की वर्कर’ म्हणतात. ती अनेकदा नर्सच असते आणि मोठ्या बालरुग्णालयांत तर खास याच कामासाठी तयार झालेली असते. मृत्यूनंतर डॉक्टर, पोलीस, कोरोनर (आकस्मिक मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी), मृत्यूची नोंद करणारा निबंधक, दफनभूमीचे कार्यालय अशा अनेक दारांशी कुटुंबाचा संबंध येतो. प्रत्येक दारी तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागू नये, हा या नेमणुकीचा मूळ हेतू. मूल कसे आणि का गेले याचे अधिकृत पुनरावलोकनही होते. जन्मतः मृत बाळांचा त्यात समावेश होत नाही, त्यांची व्यवस्था वेगळी आहे.

ही व्यवस्था केवळ कनवाळूपणातून आली नाही. तिच्या मागे एक मोठी चूक आहे. सॅली क्लार्क या वकील महिलेची दोन तान्ही बाळे लागोपाठ अचानक गेली आणि १९९९ मध्ये तिला त्यांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. अशा घरात दोन अर्भके नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले होते. हे गणितच चुकीचे होते. शिवाय एका बाळाच्या जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षापर्यंत पोहोचलेच नव्हते. २००३ च्या जानेवारीत ती सुटली. याच सुमारास अशी आणखी प्रकरणे उलटली आणि वकील हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००४ मध्ये अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूची चौकशी कशी करावी याचा आराखडा दिला. तो २०१६ मध्ये सुधारला गेला. चौकशी कसून व्हावी, पण घरच्यांना आरोपी समजून होऊ नये, हे त्याचे सूत्र. २००८ च्या एप्रिलपासून प्रत्येक बालमृत्यूचे पुनरावलोकन सक्तीचे झाले आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी की वर्कर प्रत्येक कुटुंबाचा हक्क ठरवला. पुनरावलोकनातली माहिती २०१९ पासून राष्ट्रीय बालमृत्यू नोंदसंग्रहात जमा होते.

मूल दीर्घ आजाराने, अपेक्षित असताना गेले तर नर्स बहुधा आधीपासून ओळखीची असते. अचानक गेलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र ती अनोळखी असते आणि पहिल्याच दिवशी पोलिसांबरोबर घरी येते. शक्यतो २४ तासांच्या आत पोलीस अधिकारी आणि आरोग्यसेवेतली व्यक्ती यांनी मिळून घरभेट द्यायची असते. काही भागांत ही व्यक्ती बालरोगतज्ज्ञ असते, बऱ्याच ठिकाणी विशेषज्ञ नर्स. बाळ जिथे झोपले होते ती जागा पाहायची, पांघरुणे किती आणि कसली होती ते टिपायचे, खोलीचे तापमान मोजायचे, शेवटचे दूध केव्हा प्यायले ते विचारायचे. काही वेळा आईच्या हातात बाहुली देऊन ‘तुम्ही त्याला कसं झोपवलंत आणि सकाळी ते कसं दिसलं, दाखवता का?’ असे विचारले जाते. आई बाहुलीला पाळण्यात ठेवते, पांघरूण ओढते आणि तिथेच थांबते. घाई न करता तिच्याशेजारी उभे राहणे हेही त्या भेटीतले कामच.

या भूमिकेतली खरी अडचण इथेच आहे. ‘बाळ का गेले?’ हा प्रश्न आईवडिलांचा आहे तसाच राज्यसंस्थेचाही. पण आईवडिलांना उत्तर हवे असते, राज्यसंस्थेला पुरावाही लागतो. जी बाई थर्मामीटर धरते तिच्याच खांद्यावर डोके ठेवायचे, हे सर्वांना जमत नाही. म्हणून काही ठिकाणी तपासातली नर्स आणि आधाराची नर्स वेगवेगळ्या ठेवतात. दोन्ही एकीकडेच असावे, असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे की ज्या व्यक्तीने ते घर पाहिले आहे तिलाच पुढे अहवाल समजावून सांगता येतो. या नोंदीच्या लेखकाला दुसरे म्हणणे अधिक पटते. मात्र ‘मी कोण आहे आणि तुम्ही सांगाल ते कुठे जाणार आहे’ हे नर्सने पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

पहिल्या आठवड्यात घरच्यांना सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न साधा असतो: ‘बाळ आत्ता कुठं आहे?’ मुलांचे शवविच्छेदन बालविकृतितज्ज्ञ (पेडिएट्रिक पॅथॉलॉजिस्ट) करतात आणि ते मोजक्याच शहरांत असतात. त्यामुळे पार्थिव दूर न्यावे लागते. कोरोनरने आदेश दिला असेल तर शवविच्छेदनाला आईवडिलांची संमती लागत नाही. तपास संपल्यावर ऊतींचे नमुने ठेवायचे, परत द्यायचे की सन्मानाने नष्ट करायचे, हे मात्र त्यांना विचारावे लागते. लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ रुग्णालयात मुलांचे अवयव पालकांना न कळवता ठेवून घेतल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर २००४ चा मानवी ऊती कायदा झाला. अंतिम अहवालाला अनेक महिने लागू शकतात. ‘अजून आला नाही’ एवढे कळवायलाही नर्स ठरल्या दिवशी फोन करते, कारण फोन आला नाही की घरात तर्कवितर्क सुरू होतात.

बाकीची कामे कागदावर क्षुल्लक दिसतात. लसीकरणाची आठवण देणारी पत्रे आणि दवाखान्याच्या तारखा रद्द करून घ्यायच्या, नाहीतर महिन्याभराने दारात बाळाच्या नावाचा लिफाफा पडतो. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध येतच राहते. त्याबद्दल तिला सांगायला कुणी धजत नाही, तेव्हा नर्सच सांगते: ते हळूहळू कसे थांबवावे, दुखल्यास काय करावे आणि मनात असेल तर दूधपेढीला देता येते का. अंत्यविधीच्या खर्चाचीही माहिती तीच देते. २०१९ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये मुलाच्या दफनाचे किंवा दहनाचे शुल्क कुटुंबाला भरावे लागत नाही. २०२० च्या एप्रिलपासून नोकरदार पालकांना दोन आठवड्यांच्या शोकरजेचा कायदेशीर हक्क आहे.

आठवणीच्या पेटीची प्रथा आता सर्वत्र आहे. हातापायांचे ठसे, केसांची बट, मनगटावरची रुग्णालयाची पट्टी, फोटो असे काही त्यात ठेवतात. पण ही पेटी सर्वांना सारखीच हवी असते, हा समज घातक ठरतो. शीख घरात केस कापणे दुखावणारे ठरू शकते. मुस्लिम कुटुंबाला दफनाची घाई असते, त्यामुळे शवविच्छेदन लांबले तर तेच मोठे दुःख होते. इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबाबाबत नर्सने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘हिंदू म्हणजे दहन’ हे समीकरण तान्ह्या बाळाला लागू पडेलच असे नाही. आपल्याकडे परंपरेने लहान बाळाला अग्नी देत नाहीत, मूठमाती देतात. तिकडे अनेक घरे दहनच निवडतात. जावळ न काढलेल्या बाळाच्या डोक्याला कात्री लावायची की नाही, फोटो घरात ठेवायचा की नाही, यावर आजीचे आणि आईचेही एकमत नसते. म्हणून चांगली नर्स कोष्टक पाहत नाही, विचारते. आईला एकटीला विचारते.

पुनरावलोकनाच्या अंतिम समितीपुढे आईवडील बसत नाहीत. त्यांचे प्रश्न आधी लिहून घ्यायचे, व्यावसायिकांच्या बैठकीत मांडायचे आणि उत्तरे घेऊन परत यायचे, ही की वर्करची जबाबदारी. ‘त्या दिवशी रुग्णवाहिका लवकर आली असती तर?’ असा प्रश्न टाळून बैठक संपली, तर तो पुन्हा काढायचा. मुलाचा उल्लेख ‘केस’ म्हणून न करता नावाने करण्याचा आग्रहही तीच धरते.

भारतातही बालमृत्यू पुनरावलोकन आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी त्याच्या सूचना काढल्या. महाराष्ट्राच्या खेड्यात आशाताई मृत्यू कळवतात आणि एएनएम, म्हणजे गावाची ‘सिस्टर’, घरी जाऊन विचारपूस करते. काम चौकशीचे असते. समाचाराला बसणे तिच्या प्रपत्रात नसते, तरी ओसरीवर बसल्याशिवाय तिला काही विचारताही येत नाही.

काही कुटुंबांत हे नाते पुढच्या बाळापर्यंत जाते. १९८८ पासून ब्रिटनमध्ये, अचानक बाळ गमावलेल्या आईवडिलांना पुढच्या अपत्याच्या वेळी खास मदत देणारा कार्यक्रम आहे. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स, दर आठवड्याला घरी येते आणि वजन करते. बाळाच्या लक्षणांची वही, श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र आणि खोलीचे थर्मामीटर आईवडिलांना दिले जाते. या वेळी तापमान ते स्वतः पाहतात.