दुरू भाषासमूह

उत्तर कॅमेरून आणि त्याला लागून असलेल्या पूर्व नायजेरियाच्या डोंगराळ पट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा समूह. नायजर-काँगो महाकुळातील आदामावा शाखेत तो परंपरेने धरला जातो. डीई, दुपा, दोवायो, लाँग्टो, पेरे, कोमा, वेरे, गिमे या त्यातील प्रमुख भाषा. कोमा बोलणाऱ्यांची वस्ती दोन्ही देशांच्या सीमेवरील अलांतिका डोंगरात, तर दोवायोंची कॅमेरूनमधील पोली गावाभोवती आहे.

समूहाचे नाव डीई लोकांवरून पडले, पण ते स्वतःला दुरू म्हणवत नाहीत. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. या भागात असे वारंवार घडले आहे. दोवायोंना ‘नामची’, पेरेंना ‘कुतिन’ आणि लाँग्टोंना ‘वोको’ म्हणून जुन्या नोंदींत टिपलेले आढळते, त्यामुळे एकच भाषा दोन नावांनी दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो. खुद्द ‘आदामावा’ हे शाखेचे नावही मोदिबो आदामा या 19व्या शतकातील फुलानी जमातीच्या राज्यकर्त्याचे. ज्यांच्या स्वाऱ्यांपुढे यांतील अनेक समाजांना डोंगरांचा आश्रय घ्यावा लागला, त्यांच्याच पुढाऱ्याचे नाव त्यांच्या भाषांना चिकटावे, हा योग विचित्रच. आज बाजारात आणि परक्यांशी बोलताना फुलानींची फुलफुल्देच चालते.

भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी आफ्रिकी भाषांच्या 1963च्या वर्गीकरणात आदामावाचे 14 गट पाडून त्यांना केवळ क्रमांक दिले. दुरू हा चौथा. हाताशी असलेल्या शब्दसूच्या तोकड्या होत्या, म्हणून ही मांडणी कच्च्या आराखड्यासारखीच समजावी. शेजारचा दुसरा गट सांबा लेको बोलणाऱ्यांचा, तिसरा सांबा डाकांचा. दोघेही स्वतःला सांबा (चांबा) म्हणवतात, पण डाका भाषेचे नाते पुढे नायजर-काँगोच्याच बेन्वे-काँगो या वेगळ्या शाखेशी जोडले गेले. जमातीचे नाव एक म्हणून भाषेचे घराणे एक, असे धरता येत नाही. लेको आणि दुरू मात्र एकमेकांच्या जवळचे ठरले, आणि ‘सांबा-दुरू’ हा मोठा गट मांडला गेला.

नाते पारखण्यात शब्दांइतकेच महत्त्व नामवर्गांना, म्हणजे नामांची ठरावीक प्रत्ययांनुसार होणाऱ्या विभागणीला आहे. स्वाहिलीत ‘म्तू’ (माणूस) याचे अनेकवचन ‘वातू’, म्हणजे वर्गाची खूण शब्दाच्या आरंभी बसते. आदामावा आणि पश्चिमेकडील गुर भाषांत ती शेवटी येते. ही ठेवण कशी दिसते ते शेजारच्या फुलफुल्देतूनही कळते: एक फुलानी तो ‘पुलो’, अनेक ते ‘फुलबे’. वेरे-गिमे भाषांत असे अंत्यप्रत्यय अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत; डीईच्या बाजूला ते पुष्कळसे झिजले. म्हणून आडबाजूची एखादी लहान भाषा इथे मोठ्या भाषेपेक्षा जास्त पुरावा देऊन जाते.

उलरिश क्लाइनेविलिंगहोफर आदी अभ्यासकांनी याच प्रत्ययांच्या तुलनेवर भर दिला. आदामावा हे खरोखर एका मूळ भाषेपासून निघालेले कुळ आहे का, याविषयी आता बरीच शंका घेतली जाते. टॉम ग्युल्डेमान यांच्या 2018च्या आढाव्यात आदामावाला एकसंध कुळ न मानता त्यातील छोटे गट वेगवेगळे तपासले आहेत. गुर व उबांगी या इतर भाषासमूहांसह या गटांना ‘सवाना’ या सैलसर छत्राखाली ठेवण्याचीही पद्धत आहे.