रक्त पातळ करायची गोळी

रक्त पातळ करायची गोळी हे नाव तसं चुकीचंच, रक्त पातळबितळ काही होत नाही, गुठळी सहज धरत नाही एवढंच, पण नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळे असंच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, की डाव्या वरच्या कप्प्याला चिकटून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त रेंगाळतं, गुठळी होते आणि ती निसटून मेंदूत गेली की लकवा. अशांना स्ट्रोकचा धोका साधारण 5 पट. गोळी द्यायची का हे वय, बीपी, शुगर, आधीचा स्ट्रोक बघून ठरतं. नुसत्या ॲस्पिरिनने हे काम भागत नाही, तरी कित्येक जण तिच्यावरच निर्धास्त असतात.

जुनी औषधं म्हणजे वॉरफरिन आणि आपल्याकडची ॲसिट्रॉम. वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, माणसांना 1954 पासून (हे आजोबांना सांगू नका, गोळी बंद करतील). यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं रक्त तपासून काढलेलं माप, बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो, म्हणून घरोघरी कॅलेंडरवर ‘सोम-बुध-शुक्र अर्धी, बाकी एक’ असं पेनाने लिहिलेलं असतं. खरी गडबड भाजीत. मार्केट यार्डात कोथिंबीर पडली, जुडी पाच रुपयाला आली, की घरात आठवडाभर वड्या, वर मेथी-पालक, रक्त गोठवायला लागणारं व्हिटॅमिन के वाढतं आणि आयएनआर घसरतो. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची. आणि कुठे ग्रेपफ्रूट टाळा असं वाचलं तर ते वेगळं फळ, आपली द्राक्षं नव्हेत.

डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, अधूनमधून बघावं लागतं आणि डोस चुकला तर दिवसभरात असर ओसरतो. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना किंवा संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना जुनीच गोळी.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक यासोबत वाईट, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शी काळी झाली किंवा पडून डोक्याला मार लागला तर, वरून काही दिसलं नाही तरी, हॉस्पिटल गाठायचं. तोंड वाकडं झालं, हात पडला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते बऱ्याचदा देता येत नाही, म्हणून गोळी कुठली आणि शेवटची कधी घेतली हे कॅज्युअल्टीत आधी विचारतात, आणि नेमकं तेव्हा पाकीट घरी राहिलेलं असतं.