जिओथर्मल हीट पंप: पंप जुनाच होता, घोडं अडलं ते पाइपपाशी

जिओथर्मल म्हटलं की ज्वालामुखी नाहीतर गरम पाण्याचे झरे डोळ्यासमोर येतात, पण या पंपाचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. साधारण 10 मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास तेवढंच राहतं, आणि इतक्या वरच्या थरातली ऊब मुख्यतः उन्हाचीच मुरलेली असते. जमिनीत पुरलेल्या पाइपमधून द्रव फिरवून थंडीत ती वर ओढायची, उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता खाली सोडायची, फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, अगदी तसंच.

1852 मध्येच विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी यंत्राने इमारत गरमही करता येईल आणि गारही, हे कागदावर मांडलं होतं. त्याच दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाच्या कारखान्यात वाफ दाबून तिचीच उष्णता परत वापरायचं यंत्र उभं केलं. जमिनीतून उष्णता घ्यायची कल्पना मात्र हाइनरिक झोएली यांची, स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी 1912 ला पेटंट घेतलं, आणि 1938 ला झुरिकचा सिटी हॉल लिम्मात नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाने गरम होऊ लागला.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या रॉबर्ट वेबर यांचा किस्सा. 1940 च्या दशकातली गोष्ट, डीप फ्रीझरशी खटपट करताना बाहेर जाणाऱ्या पाइपला हात लागला आणि चांगलाच भाजला, म्हटलं एवढी उष्णता वाया जातेय, मग ती आधी पाणी तापवायला वापरली आणि पुढे थेट अंगणात तांब्याच्या नळ्या पुरून जमिनीतली उष्णता घरात आणली!

मग इतकी वर्षं हे पसरलं का नाही? तेल स्वस्त होतं हे एक, पण माझ्या मते खरी अडचण पाइपची होती, धातू मातीत गंजतो, सांधे गळतात, आणि एकदा पुरलेलं परत कोण उकरणार. 1973 च्या तेलसंकटानंतर स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत जोरात काम सुरू झालं, आणि पॉलिएथिलीनचा, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचा पाइप आला. त्याची दोन टोकं तापलेल्या प्लेटवर धरून मऊ करतात, पटकन एकमेकांवर दाबतात, गार झाली की पाइप एकसंध. आता बोअरमध्ये असाच यू आकाराचा पाइप सोडतात, वरचा पंप बदलायची वेळ आली तरी खालचा पाइप तसाच कामाला येतो.