एक वाद्य, मालक दहा : वर्गणी काढून वाद्य घेण्यामागचा इतिहास

दुकानात न मिळणारं, एकच माणूस किंवा एखादंच छोटं वर्कशॉप हातानं बनवतं असं वाद्य, आणि एकट्याला परवडत नाही म्हणून चार-पाच वादकांनी मिळून ते घेतलं, असं ऐकलं की लोकांना वाटतं ही क्राउडफंडिंगच्या जमान्यातली आयडिया. पण क्राउडफंडिंगमध्ये पैसे सगळे मिळून देतात आणि शेवटी वस्तू ज्याची त्याला घरपोच मिळते, इथे वस्तू एकच आणि ती आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, त्यामुळे दोन्हींचा फारसा संबंध नाही. आणि हा दुसरा प्रकार खूप जुना आहे. बासरी किंवा डफ ज्याचा त्याचा असायचाच, पण वाद्य मोठं असलं, महाग असलं किंवा त्याचा सेट फोडता येत नसला की ते कुणा एकाचं असणं हीच उलट नवलाची गोष्ट होती.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात शहरांनी पगारी वादक ठेवलेले असायचे, त्यांना वेट्स म्हणत, आणि त्यांची वाद्यं बऱ्याचदा नगरपालिकेच्या पैशातून यायची. १५८९ साली फ्रान्सिस ड्रेकनं पोर्तुगालच्या मोहिमेवर नेण्यासाठी नॉरिच शहराचे वेट्स मागून घेतले तेव्हा शहरानं त्यांना नवीन वाद्यांसाठी पैसे दिले होते. त्याच सुमाराला श्रीमंत घरांमध्ये व्हायोल या गजानं वाजवायच्या तंतुवाद्याची अख्खी पेटी असायची, लहान-मध्यम-मोठी मिळून सहा वाद्यं, एकमेकांना जुळतील अशी, आणि पाहुणे जमले की पेटी उघडून ज्याला जे जमेल ते त्यानं घ्यायचं. अर्थात ही वर्गणी नव्हे, यात पैसा शहराचा नाहीतर घरमालकाचा. पण वाद्य सेटनंच घ्यायचं आणि सेट फोडायचा नाही हा नियम इथेही आहेच.

वर्गणीचा खरा कारभार बघायचा तर बालीला जावं लागतं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण इतकं नीट बसलेलं मॉडेल मला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही.

बालीत गामेलान म्हणजे तिथला पारंपरिक वाद्यवृंद, आणि त्याचा सेट म्हणजे काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, गोंग, उपडी घंगाळं लावावीत तशी रांगेत बसवलेली छोटी गोंगं, ढोल, असं पंचवीसेक वादकांचं काम. या सेटमधली पट्ट्यांची वाद्यं जोडीनं बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित खाली आणि दुसरं किंचित वर लावतात, दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरतो, लाटेसारखा, आणि ही थरथरच त्या संगीताचा जीव आहे. बरं सगळ्या गावांचा सूर एकच असंही नाही, प्रत्येक सेटचं लावणं वेगळं, त्यामुळे या गावातली पट्टी त्या गावाच्या सेटमध्ये घातली तर बेसूर वाजणार. आता अशा सेटमधलं एक वाद्य कुणी आपलं म्हणून घरी नेलं तर तो त्याचं करणार काय? शिवाय रेयोंग नावाचं जे आडवं वाद्य आहे ते चार जण शेजारी-शेजारी बसून वाजवतात, एकच सुरावट चौघांत वाटून घेतलेली, म्हणजे वाद्याच्या घडणीतच वाटणी आहे.

मग तिथे मंडळ असतं, सेकाहा म्हणतात त्याला. सभासद पैसे आणि श्रम घालतात, सेट मंडळाचा किंवा वस्तीचा असतो, कार्यक्रमांचे पैसे फंडात जातात, तालमीला न आल्यास दंड, आणि जमलेला पैसा वाद्यांच्या दुरुस्तीला, कपड्यांना नाहीतर दर २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणाच्या जेवणाला. दंडाची तरतूद मला फार आवडते, कारण वाद्य सगळ्यांचं झालं की तालीम कुणाचीच नाही असं व्हायला वेळ लागत नाही.

पण हे सगळं अनादि काळापासून असंच होतं असंही नाही. मोठे भारी सेट पूर्वी राजवाड्यांकडे असायचे. १९०६ आणि १९०८ साली डचांनी दक्षिण बालीतली राज्यं संपवली, राजघराण्यांतले लोक अक्षरशः मरायला बाहेर पडले, आणि उरलेल्या वाड्यांना वादक पोसणं जमेना. सेट गहाण पडले, विकले गेले, गावांकडे आले. त्याच सुमाराला उत्तर बालीत केब्यार नावाची एकदम झटकेबाज, वेगवान शैली निघाली आणि तिचं वेड इतकं पसरलं की गावांनी दरबारी सेट वितळवून त्याच काशातून नव्या शैलीचे सेट ओतून घेतले. कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी तीसच्या दशकात बालीत राहिला होता, जुन्या शैली मागे पडताना त्यानं पाहिल्या आणि होईल तेवढं लिहून ठेवलं. वाईट वाटतं खरं, पण गावाचे पैसे, गावाचं कासं, गावाला जे वाजवायचं ते वाजवणार. मालक बदलला की वाद्यही बदलतं.

युरोपात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे ब्रास बँड. खाणीत आणि गिरण्यांत काम करणाऱ्या माणसाला एकट्याला युफोनियम घेणं शक्य नव्हतं, म्हणून आठवड्याची वर्गणी, गावातून देणग्या, काही ठिकाणी गिरणीमालकाची मदत, आणि वाद्य बनवणाऱ्या कंपन्याही हप्त्यानं माल द्यायच्या. १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला बँडच्या स्पर्धा सुरू झाल्या, बक्षिसाची रक्कम हप्ता फेडायला उपयोगी पडायची. वाजवणारा सोडून गेला की वाद्य ठेवून जायचं, ते पुढच्या पोराला मिळायचं. ही वाद्यं मात्र कारखान्यातली, विचित्र वगैरे काही नाही, म्हणून पुढे जाऊ.

त्रिनिदादचं स्टीलपॅन मात्र पूर्ण हातानं घडवलेलं, तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून ठोकून खोलगट करायचं आणि त्यात एकेक सूर काढायचा. तिथेही पॅन बँडचे असतात, पॅनयार्डमध्ये म्हणजे बँडच्या तालमीच्या जागेत राहतात. १९५१ साली फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनला जायला टास्पो नावाचा बँड उभा केला, त्यात एरवी एकमेकांशी रस्त्यावर हाणामाऱ्या करणाऱ्या बँडमधले निवडक वादक होते आणि जायचा खर्च लोकांकडून पैसे गोळा करून उभा केला. जोसेफ ग्रिफिथ नावाच्या बँडमास्तरानं त्यांच्याकडून सगळे बारा स्वर असलेले पॅन करून घेतले. म्हणजे गोळा केलेल्या पैशातून नुसता प्रवास नाही झाला, वाद्यही पुढे सरकलं.

त्या पॅनचं वेड पुढे स्वित्झर्लंडमध्ये पोचलं. बर्नमध्ये फेलिक्स रोनर सत्तरच्या दशकापासून स्टीलपॅन बनवायचा, नंतर सबिना शेरर त्याच्यासोबत आली. एक स्विस तालवादक त्यांच्याकडे आपला घटम, म्हणजे दक्षिणेकडचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य, घेऊन गेला, म्हणाला की हातानं वाजवायचं असं काहीतरी पण त्यात काही सूरही हवेत, आणि त्यातून २००० च्या सुमाराला हांग तयार झालं, पत्र्याच्या दोन वाट्या जोडलेलं, आज ज्याच्या नकलांना हँडपॅन म्हणतात ते मूळ वाद्य. मागणी इतकी झाली की पुढे पुढे तर पत्र लिहून विनंती करायची आणि बोलावणं आलं तर बर्नला जाऊन घ्यायचं अशी पद्धत झाली. रीसेलला भाव भलताच चढला म्हणून मेकरनी विकताना नफ्यासाठी पुढे विकणार नाही असा करार करून घ्यायला सुरुवात केली, आणि २०१३ च्या अखेरीस हांग बनवणंच थांबवलं. अशा वाद्यासाठी चार जण एकत्र येतात ते फक्त पैशांपोटी नसतं, पैसे असूनही वाद्यच मिळत नाही, मिळालेलं एक मग सगळ्यांनी वापरायचं.

आता इलेक्ट्रॉनिककडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर या दोघा संगीतकारांनी आपापल्याकडची टेपरेकॉर्डर वगैरे सामग्री एकत्र केली आणि सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर उभं राहिलं, पॉलिन ऑलिव्हेरोस वगैरे संगीतकार मंडळी तिथलीच. टेप कापून चिकटवून संगीत करायचा कंटाळा आला होता त्यांना. त्यांनी डॉन बुकला नावाच्या इंजिनियरला गाठलं आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या अनुदानातले ५०० डॉलर देऊन एक वाद्य बनवून घेतलं, तेच पुढे बुकला १०० सिरीज म्हणून ओळखलं जाणारं सिंथेसायझर, आणि त्याला मुद्दाम पियानोसारख्या पट्ट्या ठेवल्या नाहीत. १९६६ साली सेंटर ओकलंडच्या मिल्स कॉलेजात गेलं, वाद्यही गेलं. सामायिक वाद्याचं शेवटी बऱ्याचदा हेच होतं, एखादी संस्था ते पोटात घेते.

त्याच वेळी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात बॉब मूग हातानं मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचे, सिंथेसायझर बनवत होता, आणि किंमत अशी की स्टुडिओ किंवा युनिव्हर्सिटीच घेणार. लॉस एंजेलिसचा पॉल बीव्हर, सिनेमांना विचित्र आवाज पुरवणारा, आणि बर्नी क्रॉस, जो त्याआधी वीव्हर्स या लोकसंगीताच्या ग्रुपमध्ये गायचा, या दोघांनी आपली शिल्लक एकत्र करून एक मूग घेतला. सुरुवातीला कुणी विचारेना. मग जून १९६७ मध्ये मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हलला त्यांनी वाद्य मांडून स्टॉल लावला आणि तिथून चित्र पालटलं, रॉकवाले वाद्य बघायला यायला लागले, ऑर्डर मिळाल्या, रेकॉर्डिंगला बोलावणी यायला लागली. दोघांच्या भागीदारीतलं हे माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण, कारण वाद्य पडून राहिलं नाही, त्यानंच कमावलं. दोन माणसं असली की हे जमतं. सात असली तर सातही जण वीकेंडलाच वाद्य मागणार.

व्हायोलिनच्या दुनियेत सिंडिकेट नावाचा प्रकार आहे, त्याची इथे गल्लत होते म्हणून सांगतो. स्ट्रॅडिव्हरी या जुन्या इटालियन कारागिराची व्हायोलिनं इतकी महाग झाली की वादकाच्या आवाक्याबाहेर गेली, २०११ मध्ये लेडी ब्लंट नावाचं एक लिलावात ९८ लाख पौंडांना गेलं, जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी विकलं होतं ते. म्हणून मग काही श्रीमंत लोक शेअर घेऊन एक वाद्य विकत घेतात आणि वाजवणाऱ्याला देतात, वादकानं जमेल तसे शेअर सोडवून घ्यायचे असंही काही ठिकाणी असतं. १९९४ साली निप्पॉन म्युझिक फाउंडेशननं पॅगनिनी क्वार्टेट म्हणतात तो चार स्ट्रॅडिव्हरी वाद्यांचा संच दीड कोटी डॉलरना घेतला आणि तो एकेका क्वार्टेटला, म्हणजे चार वादकांच्या ग्रुपला, एकत्रच वापरायला देतात. छानच आहे, पण यात मालक वाजवत नाहीत आणि वाजवणारे मालक नाहीत. बालीतल्या मंडळात हे दोघे एकच असतात, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

अशा सगळ्या व्यवस्थांमध्ये पैसे गोळा करणं हे सोपं काम असतं. अडतं ते पुढे. वाद्य राहणार कुणाकडे, दमट हवेत फुगलं किंवा सूर उतरला तर लावून कोण आणणार, एकजण गाव सोडून निघाला तर त्याचा हिस्सा आजच्या भावानं द्यायचा की घातला तेवढाच, बाहेर भाड्यानं द्यायचं का, विमा कुणाच्या नावावर. ब्रास बँडवाल्यांनी वाद्य बँडचंच असं ठरवून हिश्श्याचा प्रश्नच मिटवला होता, आणि चार मित्रांनी सुद्धा हे आधी कागदावर घेतलेलं बरं, मित्र आहोत म्हणून तर जास्तच.

आणि बनवणारा गेल्यावर काय? हॅरी पार्च या अमेरिकन संगीतकारानं एका सप्तकात ४३ स्वर मानले आणि ते कुठल्याच वाद्यात नाहीत म्हणून आयुष्यभर स्वतः वाद्यं बनवली. त्यातलं एक म्हणजे बर्कलीच्या रेडिएशन लॅबमधून मिळालेल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून टांगलेला सांगाडा, क्लाउड चेंबर बोल्स. एक बरणी फुटली की तोच सूर देणारी दुसरी शोधत बसायचं. जगात या वाद्यांचा सेट एकच, त्यामुळे पार्चचं संगीत वाजवायचं तर वादकांनी त्या सेटपाशी जायचं, आणि सेट स्वतः बिऱ्हाड घेऊन फिरत राहिला, कधी सॉसालिटोच्या शिपयार्डात, कधी पेटालुमातल्या एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या हॅचरीत. १९७४ मध्ये पार्च गेला, वाद्यं त्याच्या जवळच्या डॅनली मिचेलकडे, मग डीन ड्रमंडच्या न्यूबँड या ग्रुपकडे न्यूजर्सीच्या मॉन्टक्लेअर युनिव्हर्सिटीत, मग २०१४ साली सिअॅटलला. प्रत्येक वेळी ट्रकभर नाजूक सामान आणि ते लावता येणारी मोजकीच माणसं.

तिकडे जर्मनीत कोलोनच्या आन्साम्बल म्युझिकफाब्रिक या ग्रुपनं त्याआधीच ठरवलं की सेट आपल्याकडे येणार नाही तर दुसरा बनवू. थॉमस माइक्सनरनं वाद्यांच्या प्रती बनवल्या, वादकांनी ती वाजवायला नव्यानं शिकून घेतली, आणि २०१३ साली रूर भागातल्या महोत्सवात पार्चचा अख्खा संगीतनाट्याचा प्रयोग त्या प्रतींवर केला. या ग्रुपचे महत्त्वाचे निर्णय तिथले वादक स्वतः मिळून घेतात, त्यामुळे खोलीभर जागा अडवणारी ही वाद्यं ठेवायची कुठे, कुणाला द्यायची आणि कुठल्या शहरात न्यायची हा प्रश्नही त्यांनाच सोडवावा लागतो.